डाव्या कानातली बाळी

पंचरंग प्रोसेसर्सच्या कँटीनमध्ये त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या होत्या, तरी पुढच्या रांगेत बसायला कुणी तयार नव्हतं. टेबलावर एक उघडी पेटी होती आणि तिच्यात कापसावर मांडलेल्या करड्या रंगाच्या बाळ्या. हौशी पुरुष कानात भिकबाळी घालतात, साधारण तेवढ्या आकाराच्या. फक्त मोत्यांच्या जागी धातूचे बारीक ठिपके. कंपनीची पर्यावरण अधिकारी ऋजुता मगदूम माईक हातात धरून सांगत होती की ही बाळी टोचून घ्यायची नाही, नुसती चिमट्यासारखी अडकवायची, ती दुखत नाही आणि कुणावर सक्ती नाही. सक्ती नाही म्हटल्यावर तर ती असल्याची लोकांना खात्रीच पटली.

“बायकोनं विचारलं तर काय सांगू?” मागून जावेद मुल्लाने विचारलं. जावेद स्टेंटरवर होता. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं ओलं कापड गरम हवेत ताणून वाळवणारं लांबलचक यंत्र, आणि जावेद म्हणजे त्या यंत्रापेक्षा मोठ्याने बोलणारा माणूस. “ह्या वयात कान टोचून आलो म्हनू?”

हशा पिकला आणि पेटीपुढची माणसं आणखी एक पाऊल मागे सरली. ऋजुताने प्लांट हेड शेडबाळे साहेबांकडे बघितलं. साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. पंचरंगचं कापड इचलकरंजीतून थेट युरोपात जायचं, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांनी नवा नियम काढला होता. कापडाच्या प्रत्येक ताग्यामागे किती कोळसा जळला, किती पाणी गेलं, ते रंगवणारी माणसं कामावर कशात बसून आली, सगळं दाखवायचं. आकडे खाली आले नाहीत तर ऑर्डर दुसरीकडे जाणार आणि पंचरंगला कुलूप लागणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कान कुणी पुढे करेना.

तेव्हा बॉयलर हाउसचे फोरमन श्रीपती होडगे उठले. सगळी कंपनी त्यांना आप्पा म्हणायची. डोक्यावरची टोपी काढून ते टेबलापाशी आले, थोडे वाकले आणि डावा कान ऋजुतासमोर धरला.

“घाल पोरी. तू दिलंयस म्हंजे वंगाळ नसनार.”

तिने बाळी अडकवली. आप्पांनी मान हलवून बघितली आणि मागे वळून म्हणाले, “जावेद, बायकोला सांग, आप्पाबी घालतोय.”

त्या दिवशी सुट्टी होईपर्यंत पेटी रिकामी झाली. लोकांनी बाळीवर भरवसा ठेवला नव्हता, आप्पांवर ठेवला होता. ऋजुताला तेव्हा त्यातला फरक कळला नाही, कारण पेटी रिकामी झाल्याच्या आनंदात ती होती.

बाळीच्या आधी तिने सगळं करून बघितलं होतं. पाणी वाचवा, वीज वाचवा अशी भित्तिपत्रकं लावली. त्यातल्या हसऱ्या झाडाला जावेदने मिशा काढल्या आणि बाकीच्या कागदांत कँटीनवाल्याने भजी बांधून दिली. शपथविधी झाला. हात पुढे करून सगळ्यांनी शपथ घेतली आणि त्याच हाताने सुट्टीच्या वेळी हवेचा पाइप धरून अंगावरचा कापूस उडवला. ती दाबाची हवा तयार करायला यंत्र किती वीज खातं हे सांगून तिचा घसा बसला होता. उरलेला रंग तर पाळी संपताना सरळ गटारात जायचा आणि गटारातून कंपनीमागच्या ओढ्यात. त्या आठवड्यात कुठलं कापड रंगतंय हे ओढ्याकडे बघून सांगता यायचं.

या काळात तिला धरून ठेवलं ते आप्पांनी. नोकरीच्या सुरुवातीला ती कँटीनमध्ये एकटीच बसायची. आप्पांनी एक दिवस आपला डबा उचलून तिच्या टेबलावर आणून ठेवला. ते गावात खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला आजऱ्याकडे आपल्या गावी जायचे. येताना बायकोने, मालनकाकूंनी, दिलेला ठेचा आणायचे, घनसाळ तांदूळ आणायचे आणि खोलीवर स्वतः भात शिजवून डबा भरायचे. डब्याचं झाकण उघडलं की त्या भाताचा वास चार टेबलांपर्यंत जायचा. ऋजुता “पुरे” म्हणत हात आडवा धरायची आणि आप्पा हाताच्या फटीतून बरोबर वाढायचे. “एवढंच. वाऱ्यानं उडून जाशील.” या जेवणांवर ती बरीच वर्षं पोसली होती, आणि तिचे वडील लहानपणीच गेल्यामुळे तिला त्या आग्रहाची चटकच लागली होती.

बाळीमागचं शास्त्र तसं अवघड नाही. मेंदूतून निघून मानेतून खाली उतरणारी आणि काळजाला, पोटाला जाऊन भिडणारी एक लांब नस असते. तिची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात येते. आपलं काही चुकलं की पोटात कालवतं, छातीत काहीतरी बारीक खुपतं. शरीरातली ही हालचाल मेंदूपर्यंत पोचवण्यात या नसेचा मोठा वाटा असतो. डॉक्टर मंडळी कानातल्या त्या फांदीला हलकी वीज देऊन काही आजारांवर उपचार करत होती. पुण्याच्या एका लहान प्रयोगशाळेने त्याचा दुसराच उपयोग शोधला. विजेचे ठोके एका ठरावीक लयीत दिले, तर काहीही चुकलेलं नसताना माणसाला चुटपुट लागते. पंख्याचं बटण बंद करायचं राहून गेलं की घराबाहेर पडल्यावर जशी लागते तशी. उजवीकडच्या नसेचा काळजाच्या ठोक्यांशी जास्त संबंध, म्हणून बाळी डाव्या कानात.

मग कारखान्यातल्या नळांना, बटणांना, गटाराच्या तोंडांना, कँटीनच्या ताटांना आणि गाड्यांना बारीक चिप बसवल्या. त्या बाळीशी बोलायच्या. बाहेर हे काम मोबाइल करायचा, कारण माणूस कामावर कसा येतो-जातो हेही मोजायचं होतं. नळ गळत ठेवून पाठ फिरवली की कानात काही वाजायचं नाही, कुणी ओरडायचं नाही. नुसती चुटपुट लागायची, आणि मागे जाऊन नळ बंद केला की ती थांबायची. बाळी शिकायचीही. नाडीवरून, कातडीच्या ओलाव्यावरून ती माणसाच्या मनातला विचार नाही, पण इरादा ओळखायची, आणि चूक घडायच्या आधीच टोचायची.

पहिला बळी शेडबाळे साहेबांचा. अर्धा कप चहा बेसिनमध्ये ओतताना त्यांचा हात थबकला आणि सगळ्यांदेखत त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला. कँटीनमध्ये पुढे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मग एकेकाला अनुभव येत गेला. हवेचे पाइप खुंटीला लटकून राहिले. जावेद मोटरसायकल सोडून बसने यायला लागला आणि बसमध्ये मोठ्याने बोलायला लागला. ताट स्वच्छ असलं की ते परत करायच्या खिडकीवर हिरवी खूण उमटायची, आणि ती उमटावी म्हणून माणसं शेवटचं शीत टिपून खाऊ लागली. गटारात रंग ओतणं बंद झालं. एक दिवस ऋजुता मागच्या भिंतीपाशी गेली तर ओढ्यात पाण्याच्या रंगाचं पाणी होतं आणि एक बगळा एका पायावर उभा होता. ती तिथे बराच वेळ थांबली. तिला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं, हे सांगितलं पाहिजे. पुढे जे झालं त्यामुळे हा बगळा खोटा ठरत नाही.

एका दुपारी आप्पांनी भाताचा डबा उघडला. तिने सवयीने हात आडवा धरला. आप्पांनी चमचा उचलला, मध्येच थांबले आणि चमचा परत डब्यात ठेवला.

“काय झालं आप्पा?”

“वाढाय गेलो की टोचतंय गं.” आप्पा हसले. “तुझ्या बाळीला कळलंय, म्हातारा जास्ती वाढतोय आनि पोरगी टाकतीय.”

तीही हसली. खरोखरच ती कधीमधी चार घास टाकायची. त्या महिन्याच्या अहवालात तिने लिहिलं की एकमेकांना आग्रह करून वाढण्याचं प्रमाण घटल्यामुळे उष्टं निम्म्यावर आलं आहे. शेडबाळे साहेबांनी ते वाक्य युरोपला पाठवलं.

सगळे आकडे उतरले, एक सोडून. प्रवासाचा. कामावर येणं सुधारलं होतं, पण कंपनीच्या आणि लोकांच्या गाड्या लग्नं, जत्रा, भेटीगाठी यांसाठी फिरायच्या आणि तेही हिशेबात यायचं. तपासणीला तिकडची माणसं येणार होती. साहेबांनी ऋजुताला केबिनमध्ये बोलावलं.

“प्रवासासाठी बाळी किती जोरात टोचते, ती पायरी वाढवता येते ना?”

“येते सर. पण घालणाऱ्यांना आधी सांगावं लागतं. तसा नियम आहे.”

“सांगू की. तपासणी होऊन जाऊ दे, मग मीटिंग घेऊन सांगू. आत्ता सांगितलं तर अर्धे लोक बाळ्या काढून ठेवतील, आणि मग तुझा ओढा परत निळा.”

ऋजुता जागेवर आली. तिला ओढा आठवला, बगळा आठवला. पायरी वाढवायला एक बोट पुरलं. त्या बोटाने तिने स्वतःचीही वाढवली, आणि सगळ्यांसारखी आपलीही वाढवली म्हणजे आपण प्रामाणिक आहोत अशी मनाची समजूत घातली. बाळी शांत होती. नियम मोडल्याची चुटपुट तिच्या यादीत नव्हती.

आणि त्याच महिन्यात आप्पा निवृत्त होणार होते.

निवृत्त होणाऱ्या माणसाला एकट्याने घरी जाऊ द्यायचं नाही, ही पंचरंगची जुनी रीत. सत्कार, शाल, नारळ हे सगळीकडेच असतं. इथे त्याला फेटा बांधून गाडीत पुढे बसवायचे, मागे मिळतील तेवढ्या जीपगाड्या लावायचे आणि थेट त्याच्या दारापर्यंत सोडायला जायचे, मग दार कितीही लांब असो. दारात बायको ओवाळायची, गल्ली गोळा व्हायची, पंगत बसायची. आप्पांनी अशी कितीतरी माणसं सोडली होती. “मानसानं नोकरी कशी केली ते गावाला त्या दिवशी कळतं,” ते म्हणायचे. “गाड्या बघूनच कळतं.”

आपल्या दिवसाची त्यांनी फार आधीपासून तयारी चालवली होती. “मालन पांढरा रस्सा करनार हाय. घनसाळ राखून ठिवलाय तिनं. आनि तू पुढच्या गाडीत, माझ्या शेजारी बसायचं. मागं बसलीस तर बोलनार न्हाई.” हे बाळी यायच्या आधीपासून ते सांगत होते. बाळी आल्यावर हळूहळू कमी सांगायला लागले. ऋजुताला वाटलं, जायचं दुःख होत असेल.

सत्कार छान झाला. साहेब बोलले, जावेद बोलला. आप्पांच्या डोक्यावर केशरी फेटा शोभत होता. त्यांना कंपनीने कुंडीतलं सोनचाफ्याचं रोप दिलं. मग सगळे गेटपाशी आले, आणि गेटपाशी एकही जीप नव्हती.

कुणी ठरवून असं केलं नव्हतं. ज्याने त्याने गाडी सांगायला फोन उचलला होता आणि ज्याला त्याला पोटात कालवल्यासारखं झालं होतं. एवढ्या लांब, एवढ्या गाड्या, तेही नुसतं सोडायला आणि परत यायला. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितली असेल. आता एकमेकांकडे बघताना सगळ्यांच्या तोंडून शहाणपणाची वाक्यं निघत होती. जावेद म्हणाला, “आप्पा, म्होरल्या म्हयन्यात सगळीच येऊ की, बसनं, निवांत.” साहेब म्हणाले, “आजऱ्याची एसटी तशीही जातेच आहे. आपल्या बॅटरीच्या व्हॅनने स्टँडपर्यंत सोडू.” ते ऐकताच गेटपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. ते हलकं वाटणंही बाळीचंच होतं.

ऋजुताची स्वतःची गाडी तिथेच उभी होती. ती गाडीपाशी गेली, दाराला हात लावला आणि तिच्या छातीत असं काही खुपलं की तिने हात काढून घेतला. पुन्हा लावला. पुन्हा खुपलं. हे बाळीचं आहे, आपण पायरी वाढवली म्हणून आहे, हे तिला माहीत होतं. माहीत असून उपयोग होत नाही. दाढ दुखताना ती दाढच आहे हे माहीत असतं, म्हणून ती दुखायची थांबत नाही. तिने मागे वळून बघितलं. आप्पा कुंडी पोटाशी धरून तिच्याकडेच बघत होते.

“येतीयास न्हवं?” त्यांनी विचारलं.

ती काही बोलायच्या आत त्यांचा हात कानाकडे गेला. चेहरा आक्रसला. मग ते म्हणाले, “बघ. जमलं तर.”

आप्पांनी आयुष्यात कुणाला ‘जमलं तर’ म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. हे ऐकून तिने धसकायला हवं होतं. पण तिला त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटलं. “रविवारी नक्की येते आप्पा,” ती म्हणाली. “निवांत बोलू. आज तुम्ही दमलाय.”

आप्पांनी मान डोलावली. बाळी कंपनीची होती, म्हणून ती काढून त्यांनी तिच्या हातात दिली. व्हॅन सुटली. मागच्या काचेतून फेटा तेवढा दिसत होता. ऋजुता जागेवर येऊन बसली तेव्हा छातीतलं खुपणं थांबलं होतं, प्रवासाचा आकडा हिरवा झाला होता, आणि तिला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं.

रविवार आला, गेला. दर रविवारी गाडीच्या दाराशी तेच व्हायचं, आणि बसने जायचं तर दिवस मोडतो असं ती म्हणायची. एकदोनदा फोन केला, तो मालनकाकूंनी उचलला. ते रानात गेलेत, म्हणाल्या.

खरं काय झालं ते जावेदकडून कळलं. त्याचा साडू आजऱ्याचा. जेवणाच्या सुट्टीत जावेद तिच्यासमोर येऊन बसला, आणि त्या दिवशी त्याचा आवाज मोठा नव्हता.

“मॅडम, त्यांनी दारात मांडव घातला हुता. कंपनीची मानसं येनार म्हनून गल्लीला सांगितलेलं. बँडवाली बोलावलेली. आप्पा एकटाच एसटीतनं उतरला, डोक्याला फेटा, हातात कुंडी. गाव इचारतंय, आप्पा, गाड्या कुठं हायत? तर म्हनला, मागनं येत्यात. दिवस मावळंस्तोवर त्यो दारात खुर्ची टाकून बसला म्हनं. त्याला वाटलं असंल, बाळी काढून मानसं निघतील. मग काकूनं रस्सा गल्लीत वाटला, आनि भात म्हशीस्नी घातला. ऱ्हायला त्यो उकिरड्यावर गेला.”

ऋजुताचा हात कानाकडे गेला. बाळी गप्प होती. एवढं अन्न उकिरड्यावर गेलं होतं, पण आजऱ्याच्या उकिरड्याला चिप नव्हती. तिने बाळी काढून टेबलावर ठेवली आणि वाट बघितली. आता लागेल. आता पोटात कालवेल. काही झालं नाही. झालं ते वाईट झालं हे तिला कळत होतं, जसं परीक्षेत उत्तर कळतं तसं. लागत मात्र काही नव्हतं. तिला तिथे स्वतःची भीती वाटली.

तिने पुण्याच्या प्रयोगशाळेत फोन लावला. पलीकडच्या बाई नीट बोलणाऱ्या होत्या.

“असं आणखी काही ठिकाणांहून कळलंय,” त्या म्हणाल्या. “चुटपुट कधी लागावी हे बाहेरून सांगणारं कुणी असलं, की मन स्वतः ते काम हळूहळू सोडून देतं. घरकामासारखंच म्हणा ना. करणारं माणूस ठेवलं की घरच्यांची सवय जाते. पायरी वाढवली होती का?”

“हो.”

“लोकांना सांगून?”

“नाही,” ऋजुता म्हणाली.

“बाळी काढून ठेवा,” बाई म्हणाल्या. “परत येतं. काहींचं लवकर येतं. काहींच्या बाबतीत उलट होतं, बाळी निघते आणि टोचणं मात्र मागे राहतं. ज्यांची पायरी त्यांना न कळता वाढली, त्यांचं जास्त. आपल्याला टोचतंय ते यंत्र आहे की आपणच, हे त्यांना ओळखता येत नाही.”

त्या दिवशी ऋजुताने सगळ्यांच्या पायऱ्या खाली आणल्या आणि कँटीनमध्ये उभं राहून, काय केलं होतं ते सांगितलं. साहेब चिडले. काही जणांनी बाळ्या पेटीत आणून टाकल्या, काहींनी ठेवल्या. ओढा पुष्कळसा स्वच्छ राहिला. माणसांना आता गटारात रंग ओतणं आवडेनासं झालं होतं, आणि ते बरंच झालं. तिचं स्वतःचं मन मात्र बरेच महिने तसंच बधिर होतं.

मग एका साध्या दुपारी ती कँटीनमध्ये एकटी जेवत होती. ताटातला भात संपत आला, आणि तिने सवयीने ताटावर हात आडवा धरला. “पुरे,” ती म्हणाली. शेजारी कुणीच नव्हतं. आडवा धरलेला तो हात तिला दिसला, आणि मग तिला लागलं. बाळीची चुटपुट बटण बंद केलं की थांबायची. याला बटण नव्हतं.

ती तशीच उठून गाडीत बसली.

आजऱ्याच्या अलीकडे रस्ता सोडला की काजूची झाडं लागतात आणि झाडांमागे आप्पांचं कौलारू घर. अंगणात सोनचाफा लावलेला होता आणि तो जगला होता. मालनकाकू पडवीत काजू फोडत बसल्या होत्या. आप्पा खाटेवर होते. गाडी बघून उठले, धोतराचा सोगा झटकला.

“या मॅडम,” ते म्हणाले. “बसा.”

ऋजुताला पायरीवरच थांबावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला पोरी म्हटलं होतं, चिडून बये म्हटलं होतं, मॅडम कधीच नाही. त्यात टोमणा असता तर तिने तो आनंदाने घेतला असता. टोमणा नव्हता. घरी साहेबलोक आले की माणूस जसं बोलतो तसे ते बोलत होते.

“च्या घेनार काय?” काकूंनी विचारलं आणि एक कप आणून ठेवला. पाणी पिऊन झालं, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, बॉयलरचं झालं. मग तिने सांगून टाकलं. पायरी तिने वाढवली होती. कुणाला न सांगता. त्या दिवशी गेटपाशी जे सगळ्यांना टोचलं ते तिच्या बोटाने टोचलं होतं.



“बरं झालं सांगितलंत,” आप्पा म्हणाले. “मला वाटायचं, मानसं माझी न्हवतीच, मीच येडा आपली म्हनत हुतो.”

“आप्पा, मी यायला पाहिजे होतं. टोचलं तरी यायला पाहिजे होतं.”

“तुमचा एकटीचा दोष न्हाई. मीच म्हनलो की, जमलं तर बघ. हाताला धरून गाडीत बसवाय पायजे हुतं तुम्हाला. पर बोलाय गेलो की टोचायचं.” त्यांचा हात कानाकडे गेला. कान मोकळा होता. “बाळी तुमच्या हातात देऊन आलो, तरी अजून टोचतंय बघा. परवा पुतन्याच्या लग्नात मानसाला ‘जेवा’ म्हनाय गेलो आनि हितं कळ आली. आता मी पंगतीत जातच न्हाई.”

“जातं ते. हळूहळू जातं,” ती म्हणाली.

“तुमचं गेलं?”

“हो.”

“मग जाईल,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजावरून त्यांना तसं वाटत असावं असं दिसलं नाही.

निघायची वेळ झाली होती. तिला कुणी थांब म्हटलं नाही. ऋजुता उठली, पुन्हा बसली, आणि लाज सोडून म्हणाली, “काकू, मला भूक लागलीय. तुमचा भात खाऊन जाते.”

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. ताट आलं, आमटी आली, भाताचं पातेलं आलं. झाकण काढताच तो वास आला आणि ऋजुताने मान खाली घातली. ती जेवली. भरभर जेवली, ताट रिकामं व्हावं म्हणून. शेवटच्या घासाला तिने हात आडवा धरला नाही. उलट ताट जरा पुढे सरकवलं.

आप्पांना ते कळलं. त्यांनी भातवाढी उचलली, पातेल्यात घातली, भरून वर काढली आणि तिच्या ताटाकडे नेली. तिथे हात थांबला. त्यांचा चेहरा आक्रसला, डावा खांदा कानाकडे उचलला गेला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

आप्पांनी हात मागे घेतला आणि भात परत पातेल्यात ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “वाया जाईल.”

ऋजुताने ताटाच्या कडेला राहिलेलं एक शीत बोटाने टिपून तोंडात घातलं. ताट अगदी लख्ख होतं. कंपनीत अशा ताटाला हिरवी खूण मिळायची.